मानाची जागा

वसईच्या किल्ल्यात शिरलेला पर्यटक आधी वर पाहतो. छप्पर गेलेली चर्चे, उंच कमानी, भिंती फोडून वाढलेली झाडे. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चमध्ये मात्र नजर खाली न्यावी लागते. पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरांत नावे आणि हुद्दे कोरलेले आहेत, काहींवर घराण्यांची मानचिन्हेही आहेत. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि सुमारे दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी राहिली. नावाआधी ‘डॉम’ लावणारे उमराव इथे इतके झाले, की लोक शहरालाच ‘डॉम’ म्हणू लागले. जिवंतपणी तटाच्या आत वाडा आणि मेल्यावर चर्चमध्ये वेदीजवळची जागा, अशी या उमरावांची प्रतिष्ठेची मोजपट्टी होती.

वसईच्या उत्तरेला, आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी ठाण्यांची रांग होती. तारापूरच्या कोटात डॉमिनिकन संन्याशांचा मठही होता. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूर घेतले. त्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव पडले. मे महिन्यात वसईही पडली आणि उमरावांचे राज्य आटोपले.

वसईने जगाला दिलेला सर्वांत प्रसिद्ध ख्रिस्ती माणूस या उमरावांपैकी नव्हता. गोन्सालो गार्सियाचा जन्म 1556 च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइट फादरांच्या हाताखाली तो शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा त्याने आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून काम केले. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. तो व्यापारात पडला, त्यात त्याचे बरे चालले आणि पुढे फिलिपिन्समधल्या मनिला शहरात तो फ्रान्सिस्कन झाला. फादर नव्हे, ब्रदर. म्हणजे मिस्सा अर्पण करण्याचा, पाप ऐकून क्षमा देण्याचा अधिकार नसलेला, संघातली पडेल ती कामे करणारा व्रतस्थ.

1593 मध्ये मनिलाहून पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे गेले. बोलणी करायची तर जपानी कोणाला येते? या ब्रदरला. दरबारात त्याच्या तोंडून शब्द निघत ते दुसऱ्याचे. त्याचे स्वतःचे काम दरबाराबाहेर होते. क्योतोत फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उभारली आणि गोन्सालो त्या सेवेत राहिला.

या मंडळींचा शेवट कसा झाला, त्यात अहंकाराचा धडा आपोआप आला आहे. ऑक्टोबर 1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. माल जप्त होऊ लागला, तेव्हा जहाजाच्या सुकाणूवाल्याने म्हणे जगाचा नकाशा पसरला, स्पेनच्या राजाची मुलुखगिरी दाखवली आणि आमचे धर्मगुरू आधी जातात, फौजा मागून येतात, अशी फुशारकी मारली. ही हकिकत तंतोतंत अशीच घडली का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण हिदेयोशीचा संशय भडकला आणि क्योतो-ओसाकाचे फ्रान्सिस्कन व त्यांचे सोबती पकडले गेले. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून भर थंडीत त्यांची धिंड काढत त्यांना नागासाकीला नेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. बढाई एकाने मारली, किंमत दुसऱ्यांनी मोजली. 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले आणि गोन्सालो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. आज वसईतल्या कॉलेजला नाव आहे ते त्याचे. शिळांवरचे ‘डॉम’ कोण होते, हे सांगायला अभ्यासक लागतो.

पुण्यवानाचा आजार

ख्रिस्ती परंपरेने अहंकाराला पापांच्या यादीत पहिला क्रमांक दिला, त्यामागे मोठा अनुभव आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवास पत्करलेल्या संन्याशांनी मनाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांपैकी इव्हाग्रियस याने माणसाला पाडणारे आठ विचार नोंदवले. खादाडपणापासून सुरू होणाऱ्या या यादीच्या शेवटी दोन जुळी नावे आहेत: लोकांकडून वाहवा मिळवण्याची हाव आणि अहंकार. क्रम महत्त्वाचा आहे. खादाडपणा, वासना, लोभ हे कोणालाही पकडतात. वाहवेची हाव त्यालाच पकडते, ज्याने आधीचे शत्रू जिंकले आहेत. त्याचा शिष्य योहान कॅसियन याने तिला कांद्याची उपमा दिली. एक पापुद्रा सोलावा, तर खाली दुसरा तयार. भारी कपड्यांचा गर्व सोडला, की फाटक्या कपड्यांचा गर्व चढतो.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी ही यादी नव्याने मांडली. अहंकाराला त्यांनी सात प्रमुख पापांत न धरता त्या सगळ्यांचे मूळ म्हणून वेगळे काढले. तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मप्रमुखाने स्वतःला विश्वव्यापी पदवी लावून घेतली होती. ग्रेगरींनी तिला कडाडून विरोध केला आणि स्वतःसाठी ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ हे बिरुद वापरले. पोपच्या अधिकृत दस्तऐवजांत ते बिरुद टिकले. गंमत अशी की पुढे शतकानुशतके हे सेवकांचे सेवक तीन मजली रत्नजडित मुकुट घालत होते.

खुद्द शुभवर्तमानात या विषयावर प्रवचने कमी आणि प्रसंग जास्त आहेत. याकोब आणि योहान हे दोघे भाऊ येशूकडे येतात आणि राज्य आले की डाव्या-उजव्या हाताच्या खुर्च्या आमच्यासाठी राखून ठेव, अशी मागणी करतात. बाकीचे दहा शिष्य चिडतात. चिडण्याचे कारण तत्त्वाचे असावे, असे वाटत नाही; खुर्च्या दोनच होत्या. मेजवानीला बोलावलेले पाहुणे वरची आसने कशी पटकावतात, हे येशू पाहतो आणि खालच्या जागेवर बसायला सांगतो. मंदिरात प्रार्थनेला उभा राहिलेला परूशी खोटे काहीच बोलत नाही. तो खरोखर उपास करतो, खरोखर दशांश देतो. त्याची प्रार्थना बिघडते ती शेजारच्या जकातदाराकडे तिरका डोळा गेल्यामुळे.

पाय धुणारे आणि धुऊन घेणारे

या सगळ्या शिकवणीचे दृश्य रूप म्हणजे पवित्र गुरुवारची संध्याकाळ. वसईपासून तलासरीपर्यंतच्या कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्साच्या मध्यावर धर्मगुरू अंगावरचे बाहेरचे उपासनावस्त्र उतरवतात, कमरेला पंचा बांधतात आणि तांब्या-पराती घेऊन पुढे बसवलेल्या भाविकांसमोर गुडघे टेकतात. एकेकाचा पाय परातीवर धरायचा, पाणी ओतायचे, पुसायचा, पुढे सरकायचे. गायनमंडळ गात असते. बसलेले बारा जण बहुधा घरूनच पाय घासूनपुसून आलेले असतात, कारण धर्मगुरूंच्या हाती धुळीचा पाय द्यायचा कसा? अंग चोरून, पाय अर्धवट पुढे करून ते बसतात.

ही संकोचाची घडीच या विधीचा गाभा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र आधी साफ नकार देतो. गुरूने आपले पाय धुवावेत, हे त्याला पटत नाही. वरवर पाहता ही नम्रताच. पण त्यात एक हट्ट लपलेला आहे: कोण कोणाच्या पायाशी बसेल, हे मी ठरवणार. येशू तो हट्ट चालू देत नाही. सेवा करण्यापेक्षा सेवा घेणे कित्येकांना जड जाते. जन्मभर दुसऱ्यांसाठी धावलेली माणसे आजारी पडल्यावर सुनेच्या हातून अंघोळ घालून घेताना कशी कासावीस होतात, हे घरोघरी पाहायला मिळते.

डहाणू-पालघर पट्ट्यात पाय धुण्याची आणखी एक परंपरा आली, ती प्रॉटेस्टंटांची. 1708 मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ गावी आठ जणांनी सुरू केलेला आणि पुढे अमेरिकेत वाढलेला ‘चर्च ऑफ द ब्रदरेन’ हा पंथ 1894 मध्ये भारतात आला. वलसाडला त्यांचे पहिले केंद्र उभे राहिले आणि तिथून काम डहाणूकडे पसरले. डहाणूत त्यांचे मिशन हॉस्पिटलही झाले. या पंथाच्या प्रीतिभोजनात पाय धुणे हा फक्त पाळकाचा विधी नसतो. प्रत्येक जण शेजाऱ्याचे पाय धुतो आणि मग स्वतःचे धुऊन घेतो. रीत सांगते, की डॉक्टर असो वा शेतमजूर, आधी वाकायचे आणि मग बसायचे. कॅथलिक विधीत वरचा माणूस खाली येतो. इथे वर-खाली असे कोणी उरतच नाही.

त्या रीतीमुळे मंडळीतले वाद मात्र टळले नाहीत. 1970 मध्ये उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली, त्यात ब्रदरेनही गेले. पुढे गुजरातेत काही जण हे विलीनीकरण मान्य नसल्याचे सांगून वेगळे झाले. मालमत्ता कोणाची, हा खटला दशकानुदशके चालला आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरण कायद्याने पूर्ण झाले नव्हते, असा निकाल दिला. हक्क मागणे म्हणजे अहंकार नव्हे, हे मान्यच. पण दोन्ही बाजूंनी एकाच परंपरेतून एकमेकांचे पाय धुतलेले होते, एवढे नोंदवायला हरकत नाही.

मुंबईची भाऊबंदकी आणि निघून गेलेला आर्चबिशप

कॅथलिकांनी याहून मोठा तमाशा पाहिला आहे. पोर्तुगालच्या राजाला आपल्या मुलखात बिशप नेमण्याचा जुना अधिकार होता, त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. दुसरीकडे रोमने थेट पाठवलेले धर्मगुरू ‘प्रोपगांडा’ विभागाचे. मुंबईत दोन्ही सत्ता शेजारी शेजारी नांदत होत्या. एकच श्रद्धा, एकच मिस्सा, पण बिशप दोन. 1853 मध्ये माहीमच्या चर्चवरून हा वाद इतका पेटला, की बिशप हार्टमन आपल्या माणसांसह चर्चमध्येच कोंडून बसले आणि विरोधकांनी सुमारे पंधरा दिवस वेढा दिला. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांनी येऊन चर्च पोर्तुगीज पक्षाला दिले. गोऱ्या सरकारपुढे ख्रिस्ती समाजाची शोभा व्हायची ती झाली.

समेट झाला 1928 मध्ये. दमणचा धर्मप्रांत रद्द झाला, वसईकडचे धर्मग्राम मुंबईला जोडले गेले आणि तोडगा असा निघाला, की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असावा. म्हणजे भांडण मिटले, पण गादी दोन साम्राज्यांत वाटली गेली. ज्यांच्यावर ही गादी, त्या वसईच्या वाडवळ, कुपारी, कोळी ख्रिस्ती लोकांना वाटपात जागाच नव्हती.

या पार्श्वभूमीवर 1937 मध्ये लिव्हरपूलहून थॉमस रॉबर्ट्स नावाचे इंग्रज जेझुइट आर्चबिशप म्हणून मुंबईत आले. करारानुसार त्यांच्या मागून पोर्तुगीज माणूस येणार होता. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आहे आणि चर्चच्या शिखरावर परका माणूस बसून राहणे योग्य नाही, हे त्यांनी ओळखले. 1946 मध्ये त्यांनी गोव्याच्या कुळातले व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप केले. इथपर्यंत कोणीही केले असते. रॉबर्ट्स यांनी पुढचे पाऊल टाकले: ते मुंबई सोडून निघून गेले. पद कागदावर त्यांच्याकडे, कारभार ग्रेशियस यांच्याकडे. हिंदी माणसाला हे जमेल का, हा प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर मिळायला त्यांनी चार वर्षे जागा मोकळी ठेवली. 1950 मध्ये आळीपाळीची अट संपली, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला, ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि 1953 मध्ये भारताचे पहिले कार्डिनल.

रॉबर्ट्स कोणापुढे वाकले नाहीत, डोळे मिटून हात जोडून बसले नाहीत. उलट ते तिखट जिभेचे म्हणून ओळखले जात. 1954 मध्ये त्यांनी चर्चमधल्या अधिकाराच्या वापरावर आणि गैरवापरावर पुस्तक लिहिले, ते रोममध्ये अनेकांना रुचले नाही. तरी नम्रतेचे या भागातले सर्वांत ठोस उदाहरण शोधायचे तर तेच सापडते, कारण त्यांनी अधिकाराबद्दल बोलून न थांबता अधिकार सोडून दाखवला.

पोपच्या मुकुटाचेही असेच झाले. 13 नोव्हेंबर 1964 रोजी सहावे पॉल यांनी तो तीन मजली मुकुट गरिबांसाठी म्हणून वेदीवर ठेवला. पुढच्याच महिन्यात ते जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत आले, यजमान कार्डिनल ग्रेशियस. परतताना त्यांनी आपल्यासाठी आणलेली लिंकन मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी ती कुठे मिरवली नाही; तिची सोडत काढून कुष्ठरोग्यांच्या कामासाठी पैसा उभा केला.

दुसऱ्याला शिकवलेली नम्रता

नम्रतेचा एक धोका मात्र चर्चने फार उशिरा ओळखला. वरचा माणूस खालच्याला नम्रता शिकवतो, तेव्हा ती हत्यार होते.

पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सिस्टरांच्या मठात राहून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संस्कृतवरील प्रभुत्वासाठी कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, त्या बाईंना आता धर्माच्या बाबतीत विद्यार्थिनी व्हायचे होते. त्या झाल्या, पण प्रश्न विचारणे सोडले नाही. एखादे तत्त्व चर्च सांगते म्हणून मानायचे, की बायबलात दिसते म्हणून? क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची त्यांची तयारी होती. भारतातल्या अँग्लिकन बिशपांनी ते अशोभनीय ठरवले. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांनी पत्रांतून त्यांच्यावर गर्वाचा, हेकेखोरपणाचा ठपका ठेवला. रमाबाईंनी उत्तर दिले, त्याचा आशय असा: माझी सदसद्विवेकबुद्धी देवाने मला दिली आहे, ती मी दुसऱ्याच्या ताब्यात देणार नाही.

यात गर्विष्ठ कोण? पुढची चाळीस वर्षे उत्तर देतात. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, मग केडगावला मुक्ती मिशन, दुष्काळात सोडून दिलेल्या शेकडो मुली-विधवांना आसरा. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून या पंडितेने बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही विद्वानांसाठी नव्हे. अल्पशिक्षित बाईला कळेल अशा साध्या मराठीत. ज्ञान कमी असल्याचे सोंग त्यांनी कधी केले नाही. ते ज्ञान कोणाच्या उपयोगी पडावे, एवढेच त्यांनी ठरवले.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी नेमके हेच मांडले होते. नम्रता आणि मनाचा मोठेपणा हे त्यांच्या मते परस्परविरोधी गुण नव्हेत. एक गुण माणसाला आपल्या आवाक्याबाहेर उड्या मारू देत नाही, दुसरा त्याला आवाक्यातले मोठे काम टाळू देत नाही. 1960 मध्ये अमेरिकन अभ्यासक व्हॅलेरी सेव्हिंग यांनी पुढचा प्रश्न केला: अहंकार हे सर्वांत मोठे पाप, हे ठरवले कोणी? सत्ता हाती असलेल्या पुरुषांनी. बाईचे पाप कित्येकदा उलटे असते. ती स्वतःला इतकी पुसून टाकते, की तिचे असे काही उरतच नाही.

हा मुद्दा पालघर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागू नये. 1945 मध्ये याच भागातल्या वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तोवर सावकार-जमीनदारापुढे मान खाली घालणे हीच त्यांची रोजची सक्ती होती. भीतीने वाकलेल्या मानेला नम्रता म्हणता येत नाही. अशा माणसाला धर्माने आधी ताठ उभे राहायला शिकवावे लागते. आश्रमशाळा, दवाखाना, वसतिगृह चालवणाऱ्या मिशनांसमोरही हाच पेच असतो. आम्ही यांना वर आणले, हे वाक्य अहवालात शिरले, की सेवेला अहंकाराची कीड लागली म्हणून समजावे.

शिफ्ट सुटल्यावर

बोईसर-तारापूरची ख्रिस्ती वस्ती वसईसारखी जुनी नाही. तारापूर अणुवीज केंद्रातून 1969 मध्ये व्यापारी वीज सुरू झाली, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली आणि देशभरातून माणसे आली. केरळचे, तमिळनाडूचे, वसईचे, डोंगरपट्टीतले वारली. कोणी कॅथलिक, कोणी सिरियन परंपरेतले, कोणी घरात प्रार्थनासभा भरवणारे पेंटेकोस्टल. इथे जातीपेक्षा ग्रेड मोठी. कायम नोकरीवाला आणि कंत्राटी, कॉलनीत क्वार्टर असलेला आणि चाळीत खोली भाड्याने घेतलेला, इंजिनिअर आणि हेल्पर. सोमवार ते शनिवार जी उतरंड गेटवर पंचिंग करते, ती रविवारी बाकांवर बसायला येतेच.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, हे चित्र जसेच्या तसे आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला एक जण येतो, मळक्या कपड्यातला दुसरा येतो. पहिल्याला चांगली जागा, दुसऱ्याला उभा राहा किंवा खाली बस. याकोबाचा सवाल रोखठोक आहे: तुम्ही न्यायाधीश कधीपासून झालात? बोईसरच्या एखाद्या चर्चच्या वार्षिक सणाची पत्रिका हातात घेऊन हा अध्याय वाचावा. प्रमुख देणगीदार, कमिटीचे पदाधिकारी, विशेष आभार. मंडप बांधणाऱ्याचे नाव शोधून सापडत नाही.

कारखान्यात अहंकार किती महाग पडतो, हे या भागाला वेगळ्या प्रकारेही ठाऊक आहे. तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात स्फोट, आगी होत आल्या आहेत. जानेवारी 2020 मधल्या बोईसरजवळच्या स्फोटात आठ जण मेले. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी. पण सुरक्षेच्या प्रशिक्षणात एक गोष्ट सगळीकडे शिकवली जाते: थोडक्यात टळलेला अपघात लपवू नका, स्वतःची चूक असली तरी लगेच नोंदवा. साहेब काय म्हणतील, ज्युनिअरसमोर मान खाली जाईल, या विचाराने दाबलेली चूक पुढच्या शिफ्टच्या अंगावर येते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियम लिहिले, त्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. पाचवी पायरी हीच: आपली चूक मठाधिपतीपासून लपवू नये. धर्माचे हे सूत्र बॉयलरपाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरला मठवाशापेक्षा लवकर कळेल.

आणि तरीही चूक कबूल करणारा माणूस प्रत्येक वेळी झुकणाराच असतो, असे नाही. वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करताना स्वतःच्या चर्चला खडे बोल सुनावले आणि हरित वसईच्या चळवळीत बिल्डर व गुंडांच्या दहशतीसमोर ते लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने प्रार्थना करावी, यात पडू नये, असा सल्ला त्यांना नम्रतेच्याच नावाने दिला गेला असणार. 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही आणि माघारही घेतली नाही. 25 जुलै 2024 रोजी ते गेले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला सर्व धर्मांची वसई होती.

1998 पासून वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे आणि पालघर जिल्हा त्यात येतो. इथले बिशप, फादर, सिस्टर आता याच मातीतले आहेत; पोर्तुगीज उमरावांना किंवा इंग्रज सत्तेला दोष देण्याची सोय उरलेली नाही. मानाच्या जागा आता आपणच वाटतो. म्हणून धर्मग्रामांच्या पॅरिश कौन्सिलांना एक सुचवावेसे वाटते. येत्या पवित्र गुरुवारी पाय धुण्यासाठी बारा जणांची यादी करताना देणगीदार आणि पदाधिकारी बाजूला ठेवावेत. चर्च झाडणारी बाई, कंत्राटी हेल्पर, भाड्याच्या खोलीत राहणारे परप्रांतीय कुटुंब, वसतिगृहातली वारली मुलगी यांना पुढे बसवावे. पूर्वी बायकांना त्या बारांत बसता येत नसे. जानेवारी 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने तो नियम बदलला, त्यामुळे आता तेही कारण पुढे करता येणार नाही.